दगडावरची बायना

चैत्र वद्य २, शके १८४२, शुक्रवार. बीड

हैदराबाद सरकारच्या शाळेत हजेरीपटावर फसली सन आणि फारसी महिने लिहिता लिहिता आपली तिथी विसरायची वेळ आली, म्हणून ही वही. हिच्यात मी ड्रॉइंग मास्तर नाही, नुसता शहादेव. कुणाला दाखवायची नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

आज शुक्रवारची सुट्टी, म्हणजे माझ्या नक्षीच्या वर्गाचा दिवस. तिघं आले. धुळाजी सुतार, दुकानांच्या पाट्या रंगवणारा बद्रीनाथ आणि छबुबाई. छबुबाई गोंदणारी आहे. बाजारात सुया घेऊन बसते आणि बायकांच्या हातांवर तुळस, विंचू, नवऱ्याचं नाव गोंदते. नाव गोंदायचं तर अक्षर यायला हवं, म्हणून वर्गाला येऊ लागली. अक्षरं अजून लंगडतात, पण ठिपके असे मांडते की मुंबईच्या कलाशाळेत तीन वर्षं काढूनही मला तसे मांडता येत नाहीत. हे मी तिला सांगितलेलं नाही. विद्यार्थी शेफारतात.

आमच्या हेडमास्तरांच्या डोळ्यांत हा वर्ग सलतो. सरकारी मदरशाच्या ओसरीवर सुतार आणि गोंदणारी बसली की शाळेची अब्रू जाते म्हणे. वर्गाला मंजुरी नाही, नुसता चालला आहे इतकंच.

पण आज जिल्ह्याच्या तालुकदार साहेबांनी बोलावून घेतलं. गोदाकाठच्या गावांत पटकी लागली आहे, उलट्या-जुलाबाने माणसं जाताहेत. गावात वाचता येणारं माणूस एखादं, म्हणून चित्राचा इश्तिहार हवा: पाणी उकळून प्या. दहा दिवसांत छापून गावोगावच्या चावडीवर लागला पाहिजे. इश्तिहाराचा उपयोग झाला तर वर्गाची मंजुरी आम्ही स्वतः मागू, असं साहेब म्हणाले.

माझी धाकटी बहीण बायना पालीला दिली आहे. उन्हाळ्यात तिथे बिंदुसरा आटते आणि बायका नदीतल्या झऱ्यातून वाटीवाटीने पाणी भरतात. गुरंही तिथेच. पटकी पालीला पोचायच्या आत माझं चित्र पोचलं पाहिजे. वर्गाचं नंतर. निदान लिहिताना तरी असंच लिहितो.

चैत्र वद्य ४

पालीला जाऊन आलो. चित्रातली बाई कोण, हा प्रश्न होता. मुंबईत ज्या पुतळ्यांवरून शिकलो त्यांना लुगडं नेसवलं तरी त्या मडमाच दिसतात. म्हणून बायनालाच चुलीपुढे उभं केलं. चुलीवर हंडा, पाण्याला उकळी, आणि बायना उजव्या हाताने तांब्या पुढे करते आहे. तिचा नवरा गाडी घेऊन दोन महिने लांबच्या मुलखात गेलेला, म्हणून घेणारा तिचा दीर आसाराम. वीस-बावीस वर्षांचा, एका जागी उभा राहणं त्याच्या पत्रिकेत नाही.

"मास्तर, लवकर काढा. बैलं उपाशी हायती," असं दहादा म्हणाला.

"तू हलला तर चित्रात तुला दोन नाकं येतील."

"येऊ द्या की. एकानं तपकीर वढीन."

बायना हसली आणि तिचा हात हलला. तिची सासू तुळजाबाई उंबऱ्यात बसून हे सगळं पाहत होती. तिला विचारलं, हे लागलं चावडीवर तर गाव ऐकेल का? ती म्हणाली, "आमची सून हाय म्हनल्यावर कावून न्हाई ऐकनार? पन पानी उकळलं की त्याची चवच जाती, पाव्हणं."

"चव जाऊ द्या, जीव राहील."

"मग उकळू की. पटकी कुनाची सोयरी हाय."

चित्र मनासारखं उतरलं. बायनाचे डोळे, नथ, खांद्यावरून घेतलेला पदर. रेखाटन बघून मलाच माझं कौतुक वाटलं.

चैत्र वद्य ६

छापखान्यात गेलो. इथे शिळाछाप आहे, दगडावरून कागदावर. कातिबाचं, म्हणजे अक्षर लिहिण्याचं, काम मुन्शी दस्तगीर करतात. उर्दू असो की बाळबोध, त्यांच्या हातून अक्षर पडलं की बघत राहावं. ते पिवळ्या कागदावर तेलकट शाईने लिहितात आणि तो कागद दगडावर पालथा घालून दाबतात. मग दगडावर उलटं उमटतं आणि छापताना सुलटं होतं.

मला चित्र त्या वाटेने न्यायचं नाही. पिवळ्या कागदात सावल्या मरतात, नुसत्या रेघा उरतात. मुंबईला आम्ही तेलकट खडूने थेट दगडावर काढायचो. गालावरची सावली अशी उतरते की हात लावून बघावासा वाटतो.

मुन्शी म्हणाले, "मास्टर साब, पत्थर पे सीधा बनाये तो कागद पे उल्टा आता."

"अक्षराला उलटं-सुलटं असतं, मुन्शीजी. झाड उलटं छापलं तरी झाडच. माणूस डावीकडे बघतो त्याऐवजी उजवीकडे बघेल, एवढंच."

"आप बंबई के पढे हुए. मैं क्या बोलूं," असं म्हणून ते पुन्हा लिहायला बसले. बिचारे जुन्या वळणाचे आहेत.

चैत्र वद्य ८

दिवसभर दगडावर वाकलेला. दगडाला उघडा हात लागला तर बोटांचं तेलही छापून येतं, म्हणून दोन विटांवर फळी टाकून तिच्यावर हात टेकवतो. पाठीचं धनुष्य झालं आहे. पण बायना दगडात जिवंत होते आहे. अशी तसबीर या जिल्ह्यात कुणी केली नसेल. हैदराबादच्या प्रदर्शनाला एक प्रत पाठवावी काय?

चैत्र वद्य १०

छापलं. तीनशे प्रती. वर मुन्शींची अक्षरं दोन भाषांत, खाली माझं चित्र. मुन्शींनी एकेका अक्षरावर बोट ठेवून तपासलं. चित्र मात्र पाहिलं नाही. माणसाची तसबीर, त्यातून परक्या घरची लेक. ते भाविक गृहस्थ अशा वेळी नजर खाली घालतात. छबुबाईला दाखवणार होतो, पण ती जत्रेला गेली आहे, दोन आठवड्यांनी येईल.

एक प्रत घरी बायकोला दाखवायला आणली. सावित्रीने खूप वेळ पाहिली.

"वन्सं वाटत न्हाईत," म्हणाली.

"मग कोण वाटते?"

"वन्संवानीच कुनीतरी. कायतरी चुकल्यावानी दिसतंय. काय ते मला सांगता येत न्हाई बाई."

मला राग आला. चार दिवस पाठ मोडून काम करावं आणि घरातच अशी पावती मिळावी. खरं सांगायचं तर कागद पहिल्यांदा दगडावरून उचलला तेव्हा मलाही क्षणभर चेहरा परका वाटला होता. सवय नसते म्हणून तसं होतं.

चैत्र वद्य ११

साहेब खूश झाले. सावल्यांवरून बोट फिरवून म्हणाले, अगदी फोटोच. हेडमास्तर शेजारी उभे होते, त्यांना मान डोलवावीच लागली. प्रती घोडेस्वारांबरोबर रवाना झाल्या. पालीला आजच लागेल. मंजुरीचा कागदही तयार होतो आहे, फक्त इश्तिहाराच्या परिणामाचा रपोट मी लिहून द्यायचा.

सावित्रीला हे सांगितलं. ती बरं म्हणाली.

वैशाख शुद्ध ३

आखिती. भटजींनी सांगितलं तसं उपरणं उजव्या खांद्यावर घेतलं आणि पितरांच्या नावाने उलट्या अंगाने पाणी सोडलं. आप्पांची आठवण झाली. मी चित्रं काढतो म्हणून ते युसूफ वडगावच्या बाजारात लोकांना सांगायचे, आमचा शहादेव भिताडं रंगवायला शिकतोय. आज असते तर चावडीवरचं भिताड त्यांना दाखवलं असतं.

आमरस झकास झाला होता. दुपारी डाराडूर झोपलो.

वैशाख शुद्ध ५

डोकं फिरलं आहे. पालीच्या पाटलांचा निरोप आला. लोकांनी आखितीच्याच दिवशी इश्तिहार चावडीवरून उतरवला, शिवेबाहेर नेऊन पालथा ठेवला आणि वर लिंबू कापलं. आणखी दोन गावांतूनही तसंच. कारण विचारलं तर निरोप्या खाली बघतो आणि म्हणतो, "आमाला काय ठाव, मास्तर. बायामानसं भ्याली."

कशाला भ्याली? पाण्याच्या हंड्याला? गाढवापुढे गीता वाचली ती मी. यांना देवीचं चित्र दिलं असतं तर कुंकू लावलं असतं. रोज पाहतात त्या सुनेचं चित्र दिलं तर लिंबू कापतात.

वैशाख शुद्ध ६

हेडमास्तर स्वतः माझ्या वर्गात आले. कधी नव्हे ते गोड बोलत होते. म्हणाले, रपोटात लिहा की इश्तिहार उत्तम होता, पण रयत अडाणी आणि भोळसट असल्याने परिणाम झाला नाही. साहेबांचाही मान राहतो, तुमचाही. मंजुरी अडणार नाही. त्यांनी कच्चा मजकूरही लिहून आणला होता. वाचला. खोटं काही वाटलं नाही.

संध्याकाळी पालीहून बाजाराला आलेल्या माणसाने बायनाचा निरोप दिला: घरात पाणी उकळू देत नाहीत, दादा, तू येऊन जा. पटकी पालीत आली आहे, एक म्हातारी गेली.

उद्या जावं. पण उद्या परीक्षेचे कागद आहेत, आणि आधी रपोट दिलेला बरा. शुक्रवारी जाईन. दोन दिवसांनी असं काय बिघडतं. आणि खरं लिहायचं ठरवलं आहे तर हेही लिहितो: ज्यांनी माझ्या चित्रावर लिंबू कापलं त्यांच्या गावात पाय टाकायची मला लाज वाटते आहे.

वैशाख शुद्ध ८, शुक्रवार

घाईत लिहितो. छकडा सांगितला आहे.

सकाळी छबुबाई वर्गाला आली. भिंतीवर इश्तिहार होता. तिने तो पाहिला आणि पदर तोंडावर घेतला.

"ह्यो कुनी काढला? ह्यात मेलेली मानसं कावून काढलीत?"

"मेलेली? ती माझी बहीण आहे."

"मंग भैनीला मारलंत की, मास्तर." ती जवळ गेली. अक्षर कुठून सुरू होतं हे जिला अजून विचारावं लागतं, ती बोट ठेवून मला वाचून दाखवू लागली. "पदर बगा कोन्या खांद्यावर हाय. नथ कोन्या नाकपुडीत हाय. पानी कोन्या हातानं देतीय आन त्यो कोन्या हातानं घेतोय. जित्या मानसाला डाव्या हातानं पानी देतंय का कुनी? पितरांचं समदं उलटं आसतंय. आन आखितीच्या तोंडाला तुमी हे चावडीवर लावलं. बाया म्हनल्या आसतील, ह्ये पानी पेलं की आपुन बी तिकडंच."

मी म्हणालो, दगडावर सुलटं काढलं म्हणून छापताना सगळं उलटं झालं. धुळाजी खाली बघत होता. बद्रीनाथही. त्यांनाही हे दिसलं होतं, मास्तरला सांगायचं कसं म्हणून गप्प होते.

"मी सुई लावायच्या आदी हात इच्यारते," छबुबाई म्हणाली. "कोन्या हातावर काय, ते आदी. मंग नक्षी."

मला माहीत होतं. हे मला माहीत नव्हतं असं मी कुणालाही सांगू शकत नाही. मुन्शींनी सांगितलं, सावित्रीने सांगितलं, आखितीला उपरणं मी स्वतःच्या हाताने डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतलं. झाड उलटं छापलं तरी झाडच, असं ऐटीत म्हणालो होतो.

हे बोलणं चाललं असतानाच पालीचा माणूस आला. आसाराम रात्री गेला. बायना पहाटेपासून पडली आहे.

छबुबाई म्हणाली, मी येते, तुमचं कुनी ऐकनार न्हाई. तिला घेऊन निघतो.

वैशाख शुद्ध १०. पाली

दोन दिवस लिहिता आलं नाही. बायनाला आत्ता झोप लागली आहे.

परवा दुपारी पोचलो तेव्हा दारात आसारामसाठी भाऊबंदांनी केलेल्या मुंडणाचे केस अजून पडलेले होते. मुंजाजी न्हावी धोकटी आवरत होता. बायना आत जमिनीवर, डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे. उशाला झऱ्याच्या पाण्याचं भांडं आणि अंगारा. मी सावित्रीने दिलेली मीठ-गुळाची पुडी काढली आणि म्हणालो, पाणी उकळा.

तुळजाबाई चुलीच्या आड उभी राहिली. रडून रडून आवाज गेला होता.

"न्हाई. त्यो कागुद आला आन दोगं बी त्यात हुते. माझं लेकरू गेलं. आता हिला त्यातलं पानी पाजू? तुमी तिचे भाऊ हाव का कोन हाव?"

दगड, शाई, खडू, यांतलं काय सांगावं? मी तिच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "चित्र चुकलं, आत्याबाई. गाव चुकलं नाही. मी चुकलो." ती चुलीपुढून हलली नाही. मला वाटलं होतं, चूक कबूल केली की पुढचं सगळं सोपं होतं. तसं काही होत नाही. बायना आत कण्हत होती आणि चूल थंड होती.

छबुबाईने माझ्या पिशवीतला इश्तिहार काढला. घरातल्या बायका मागे सरकल्या. ती मुंजाजीला म्हणाली, "आरसा दी तुजा."

"सुतकाच्या घरात आरसा काढू व्हय?"

"काढ बे. लेकीचा जीव जातोय."

त्याने धोकटीतून आरसा काढून दिला. छबुबाईने तो उंबऱ्याला टेकवला, कागद त्याच्यासमोर धरला आणि तुळजाबाईला म्हणाली, "कागुद बगू नगा. आरशात बगा. जवा तुमच्या दारात ही दोगं उबी हुती, तवा अशी हुती का न्हाई ते सांगा."

तुळजाबाई बसली. आरशात पदर आपल्या खांद्यावर आला होता, नथ आपल्या जागी. बायना उजव्या हाताने तांब्या देत होती आणि आसाराम उजव्या हाताने घेत होता. म्हातारीने आरशाला बोट लावलं. आसारामच्या तोंडावर लावलं.

"ह्यो माझा हाय," ती म्हणाली. "त्या कागदातला न्हवता. ह्यो हाय."

मग ती कागद आणि आरसा यांच्याकडे आळीपाळीने बघत राहिली. मी काही बोलायला गेलो तर छबुबाईने डोळ्यांनी दटावलं. शेवटी तुळजाबाई उठली, चुलीत काड्या सारल्या आणि स्वतः हंडा चढवला. फुंकणीने फुंकताना तिचा श्वास पुरत नव्हता.

रात्रभर आम्ही चमच्याचमच्याने पाजलं. तुळजाबाईने एकदाही चमचा डाव्या हातात घेतला नाही. पहाटे बायनाने स्वतःहून पाणी मागितलं.

काल आरसा चावडीवर नेला. पाटलांनी आधी पाहिलं, मग बायका एकेक करून आल्या. मी प्रत्येकीला सांगितलं की चूक माझी आहे. संध्याकाळी मोजलं तर अठ्ठावीस घरांतून धूर निघत होता. काहींनी नुसती भाकरीसाठी चूल पेटवली असेल.

वैशाख शुद्ध १२. बीड

बायना पेज खाते आहे. परत आलो.

पालीत पाच माणसं गेली. आसाराम. पाटलांकडचा गडी पंडित. सुभद्राबाई नावाची विधवा. कुंभाराची म्हातारी. आणि एक मूल, त्याचं नाव अजून ठेवलं नव्हतं.

मुन्शींना जाऊन सांगितलं. वाटलं होतं, म्हणतील, मैं बोला था. ते तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, "म्हातारी तो आपके इश्तिहार के पहले से झरे का पानी पीती थी, मास्टर साब. सब का बोझ अपने सिर पे नको लेव." खरं असेल. पण आसारामचं घर माझ्या म्हणण्यावरून पाणी उकळायला तयार झालं होतं, आणि माझं चित्र बघून त्यांनी ते बंद केलं. हे ओझं कुणाच्या डोक्यावर ठेवू?

मुन्शींनी दगड घासायला घेतला. मीही दुसऱ्या बाजूने धरला. वाळू आणि पाणी टाकून दोघांनी तासभर घासला. बायनाचा चेहरा लवकर गेला, सावल्यांचं तेल मात्र खोल मुरलं होतं.

वैशाख शुद्ध १४

रपोट दिला. हेडमास्तरांचा मजकूर वापरला नाही. लिहिलं की रयतेने चित्र बरोबर वाचलं, काढणाऱ्याने चुकीचं काढलं. छापण्यापूर्वी ते वाचता न येणाऱ्या एकाही माणसाला दाखवलं नाही. नवा इश्तिहार आठ दिवसांत देतो, कागदाचा खर्च माझ्या पगारातून कापावा.

हेडमास्तर म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण, मास्तर. जो मजकूर तुम्हाला वाचवत होता तोच फाडलात."

साहेबांनी वाचून नुसतं हूं केलं. नव्या इश्तिहाराला होकार दिला. वर्गाच्या मंजुरीचा कागद परत दप्तरात गेला. ओसरी उद्यापासून बंद.

मला वाईट वाटलं. लई वाईट वाटलं, आमच्या भाषेत लिहितो. सात वर्षं या वर्गाचं स्वप्न पाहिलं होतं. घरी आलो तर सावित्रीने विचारलं, शुक्रवारी मंडळी कुठे बसायची? मी म्हणालो, बसायची नाहीत. ती म्हणाली, "आपली पडवी काय गुरं बांदायला हाय का?" आणि झाडायला लागली.

वैशाख वद्य ३

शुक्रवारची वाट न बघता आज पडवीत बसलो. चौघं होतो, कारण मीही शिकायला बसलो. नवा इश्तिहार छबुबाईने मांडला. सावल्या नाहीत. गोंदणासारख्या जाड रेघा, हंडा, जाळ, हात. "लांबून बी कळलं पायजे, आन घामानं पुसलं तरी," ती म्हणते. मी फक्त बोटं नीट केली. त्यांना सगळं आता आरशात धरून बघायला सांगतो, आणि स्वतः तर दोनदा बघतो.

काढणाऱ्याने चित्र आधी कुणाला दाखवायचं, हा आता आमचा पहिला धडा आहे. मुंबईला तो नव्हता.

वैशाख वद्य ५

कच्चं चित्र घेऊन पालीला गेलो. बायना दारात बसली होती. अंगावर मांस नाही, पण मला पाहून उठली. तुळजाबाईपुढे कागद ठेवला आणि विचारलं, यात काय दिसतं?

तिने नीट पाहिलं. हंडा ओळखला, जाळ ओळखला. वाफ पाहून म्हणाली, "ह्यो नाग कावून उबा हाय हंड्यावर?" मी वहीत टिपून घेतलं. वाफ दुसऱ्या तऱ्हेने दाखवायला हवी.

मग तिने माणसांवर बोट ठेवलं. "ही कोन?"

"कुणी नाही. नुसती बाई, नुसता गडी." मुद्दामच चेहरे दिले नव्हते. पुन्हा कुणाला चित्रात धरायची माझी छाती नाही.

"बायनाला काढा. मेल्याची खोटी आवई उठली की मानसाचं आयुष्य वाढतंय. तिचं वाढलंय." बायना उठून आत गेली. "आन आसारामला काढा."

मी म्हणालो, "आत्याबाई, लोक पुन्हा भितील. तो तर खरंच..."

"ठाव हाय मला त्यो कुटं हाय ते. गाव मला इच्यारील, मी सांगन. म्हनन, ह्यो माझा ल्योक, ह्येनं असं पानी प्यायला पायजे हुतं. तुमी नीट काढा म्हंजी झालं. उजव्या हातानं."

जुनं रेखाटन काढायची गरज पडली नाही. तिथेच उंबऱ्यात बसून काढलं. ती मागे उभी राहून सांगत होती, कपाळ जरा रुंद, कान असे न्हाईत, आता बरुबर. मग आरसा मागवून तिने त्यात उलटा झालेला आसाराम पाहिला, पुन्हा कागदावरचा सुलटा पाहिला आणि होकाराची मान डोलवली.

वैशाख वद्य ७. छापखाना

या वेळी पिवळा कागदच घेतला. मुन्शींनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, तुम्हीच पालथा घाला. घातला, दाब दिला, कागद सोलून काढला. दगडावर आसाराम डाव्या हाताने पाणी घेतो आहे. पदर, नथ, जाळ, सगळं उलटं आहे. मुन्शींनी आज पहिल्यांदा नजर वर करून चित्र पाहिलं, आणि शाईचा रूळ मीच फिरवावा म्हणून बाजूला झाले. माझा हात थांबला, तेव्हा त्यांनी पहिला कागद दगडावर ठेवला आणि म्हणाले, "फिरवा, मास्टर साब. कागद पे सीधा आयेगा."